चाकांवरचा शेतखाना

"न्यायचंच असेल तर चाकं असलेलं घर घेऊन ये, कमलाक्षी. तुमच्या घराचा उंबरठा मी या जन्मी ओलांडत नाही. जा आता, बस चुकेल."

वन्सं हे बोलल्या ते वाती वळता वळता, माझ्याकडे न बघता. बोलणं संपवायला माणूस काहीतरी बोलतो ना, तसंच ते होतं. ते मी तिरुवैयारूच्या बसमध्येच विसरून यायला हवं होतं. पण तो गुरुवार होता आणि गुरुवारी माझं अक्षरशः खरं बोलण्याचं व्रत असतं. इतर दिवशी मी खोटं बोलते असं नव्हे, पण इतर दिवशी थोडं गाळून सांगायला हरकत नसते. तंजावरला घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "अक्का काय म्हणाली?" मी जसंच्या तसं सांगितलं. पुढचे तीन महिने आमच्या घरात जे झालं त्याला सर्वस्वी माझा गुरुवार जबाबदार आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सीतालक्ष्मी. वय अडुसष्ट, बुद्धी पंचवीस वर्षांची, गुडघे शंभर वर्षांचे. तिरुवैयारूला कावेरीकाठी एका खोलीत एकट्या राहत. तिथला शेतखाना खोलीपासून चाळीस पावलांवर, परसाच्या टोकाला. त्या वाटेवर त्या पावसाळ्यात एकदा पडल्या, मग पुन्हा पडल्या, आणि दुसऱ्या वेळी अर्धा तास कुणाला कळलंच नाही. त्यातच घरमालकानं सांगून पाठवलं, की तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे संक्रांतीला, खोली रिकामी हवी. एवढं सगळं समोर असताना त्या आमच्याकडे यायला तयार नव्हत्या, कारण उंबरठा.

हा उंबरठा खरोखरचा आहे, बोलण्यातला नव्हे. आमचे हे तीस वर्षं कालव्याच्या खात्यात नकाशे काढत होते. जगातली कुठलीही गोष्ट इंचांत सांगता आली नाही तर त्यांना ती खरी वाटत नाही. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी घराचा झिजलेला लाकडी उंबरठा काढून सिमेंटचा घातला, कुणाला न विचारता, चार इंच उंच. त्याच आठवड्यात गौरी आल्या. वन्सं हातात नैवेद्याचं ताट घेऊन आत यायला निघाल्या, ठेचकाळल्या आणि ताटासकट पन्नास बायकांसमोर आडव्या झाल्या. ह्यांनी धावत जाऊन काय करावं? त्यांनी उंबरठ्याला टेप लावला. म्हणाले, "उंबरठा बरोबर आहे. तुझा पाय चुकला." वन्सं उठल्या, साडीवरचं पुरण झटकलं, आणि तो उंबरठा ओलांडून गेल्या त्या परत आल्या नाहीत. ह्यांनीही कधी विषय काढला नाही. माप बरोबर असल्यावर काय बोलायचं?

तर मी तो निरोप सांगितला. हे जेवता जेवता थांबले. "चाकं असलेलं घर," असं दोनदा पुटपुटले, हात धुतला आणि बाहेर पडले. ताकभात तसाच राहिला. चार दिवसांनी सहा बैलांनी ओढत आमच्या गल्लीत एक पत्र्याची गाडी आणली. खात्याच्या लिलावात निघालेली होती. पूर्वी कालव्याच्या कामावर हिंडणारे साहेब लोक तिच्यात राहत. दोन चाकं, चार खिडक्या, आत पलंग, मागे दार. तिला ट्रेलर म्हणतात.

शेजारचे श्रीनिवासराव, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आणि अजून न थांबलेले मास्तर, ओसरीवरून ओरडले, "अय्यो, सेतुमाधवराव! देवळाचा रथ वाट चुकला काय?"

"अक्कासाठी घर आणलं," हे म्हणाले.

"घर? मग मागे शिंगं असलेले हे कोण, भाडेकरू?"

परसाची भिंत दहा फूट पाडून गाडी आत घेतली आणि फणसाखाली उभी केली. ह्यांनी दाराला टेप लावला आणि मला बोलावून दाखवलं. दाराला उंबरठाच नव्हता. एक दुमडायची लोखंडी पायरी होती, बस्स. कागदावर त्यांनी लिहिलं, 'उंबरठा: शून्य इंच,' आणि खाली सही केली. चौदा वर्षांत त्यांना इतकं प्रसन्न मी पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आभार मानायची मला जरा घाईच असते.

कारण मग मी विचारलं, "शेतखान्याचं काय?"

त्याचंही उत्तर होतं. गाडीच्या कोपऱ्यात एक कपाटाएवढी खोली होती. तिच्यात साहेबाची लाकडी खुर्ची, खुर्चीला भोक, भोकाखाली एनॅमलची बादली. "बघ, बसायला उंच आहे. गुडघ्यांना त्रास नाही. माप कसं अगदी—"

"बादली कोण उचलणार?"

"अंजलै आहे ना."

अंजलै आमच्या गल्लीतल्या सतरा घरांच्या मागच्या दारांनी रोज येते. डोक्यावर काय घेऊन जाते ते आम्ही सगळे जाणतो आणि त्या वेळी सगळे पुढच्या दारी असतो. आमच्या एका बादलीचंच मला कित्येक वर्षं खुपत होतं. पण ते बोलायला धीर नव्हता. आता अठरावी बादली तिच्या डोक्यावर चढवायची आणि आत बसून वन्सं नि मी जप करायचा, हे माझ्याच्यानं होईना. मी फार हळू बोलते. हळूच म्हटलं, "ती बादली ठेवाल तर मी अन्न सोडीन."

ह्याला हे घाबरले नाहीत. आठवड्यातले साडेतीन दिवस मी तशीही उपाशीच असते. तेव्हा मी म्हटलं, "कॉफी करायचं सोडीन." दुपारच्या आत बादली अडगळीत गेली.

तिथून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. माझा नेम आहे, सकाळी तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा. त्या तीन महिन्यांत नेमकी कितवी चालू आहे ते एकदाही धड कळलं नाही. चाळीसपर्यंत ठीक जाई, मग डोक्यात यायचं, खड्डा केला तर विहिरीपासून किती लांब? आणि पुन्हा एकपासून. एके दिवशी मी बहुधा तीनशे घातल्या. देवाला मोजदाद ठेवावीच लागली असेल.

श्रीनिवासरावांचा सल्ला सोपा होता. "गाडीच्या तळाला भोक पाडा, खाली खड्डा खणा. खड्डा भरला की गाडी चार फूट पुढे ओढा! चाकं कशाला आहेत मग?" ह्यांना हे इतकं पटलं, की त्यांनी परसाचा नकाशा काढला. छत्तीस फुटांत नऊ खड्डे बसत होते. नववा नेमका माझ्या तुळशीवृंदावनात. शिवाय तिसऱ्यापासून विहीर वीस फुटांवर. त्या विहिरीचं पाणी देवाला जातं, आणि आम्हालाही. मी नकाशा घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला. हरवला असं सांगितलं नाही. कुठे आहे तेही सांगितलं नाही. त्या दिवशी गुरुवार नव्हता.

श्रीनिवासरावांच्या घरच्या विजयलक्ष्मी मामी भिंतीवरून म्हणाल्या, "मद्रासला माझ्या भावाकडे साखळीचा आहे. साखळी ओढली म्हणजे असा गडगडाट होतो, आमची वहिनी पहिल्या दिवशी तशीच बाहेर धावत आली."

"तशीच म्हणजे?"

"तशीच म्हणजे तशीच. मज नको विचारू, कमलाक्षी, आज शनिवार, असलं बोलू नये."

शेवटी ह्यांनी स्वतःच शोध लावला. एक बंद पेटी, तिला छोटी चाकं. ट्रेलरच्या मागे जोडायची, भरली की लांब ओढून न्यायची, कुणाच्या डोक्यावर काही नको. अशी पेटी तंजावरात कोण करणार? तेव्हा मला माझ्या मावसबहिणीचा मुलगा आठवला. पुण्यात जन्मला, तिथेच वाढला, आणि तिथल्या कुठल्याशा लोखंडी सामानाच्या कारखान्यात नोकरीला होता. पत्र मीच लिहिलं, कारण आमच्या घरात बाळबोध लिहिता येतं ते मलाच, पोथीमुळे. हे मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ नाहीतर इंग्रजी. त्या पत्राचा मला फार अभिमान वाटला, हेही सांगून टाकते. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. लिहिलं होतं: 'ट्रेलरला मागून जोडावयाचा एक शेतखाना पाहिजे. म्हातारे माणूस वर बसून वापरील असा असावा. वाहून नेण्यास मनुष्य लागू नये. पुढेमागे खत बागेच्या उपयोगी पडले तर उत्तमच.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आमच्या ओसरीवर मी ते मोठ्यानं वाचलं. पेपर मागायला आलेले श्रीनिवासरावही बसले होते.

'ती. कमलाक्षीमावशीस सा. न. वि. वि. तुम्हाला हवे तसेच यंत्र आमच्या कारखान्यात तयार होते. आजच मालगाडीने रवाना करीत आहे. ट्रेलरला मागून जोडता येते. वर लोखंडी बैठक असून तिला भोके आहेत, त्यामुळे पाणी साचत नाही. एका वेळी सात मण खत मावते.'

"सात मण?" हे म्हणाले. "आपण अक्काला एकटीलाच आणतोय ना?"

"पुढं वाचा, पुढं," श्रीनिवासराव सरसावले.

'दांडा ओढताच मागचा पंखा फिरू लागतो व खत दोन्ही बाजूंस वीस-वीस फूट, समप्रमाणात उडते.'

फणसावरचा कावळा तेवढा बोलला.

'इकडे लोकांना ते फारच पसंत पडले आहे. यंत्र चालू असताना मागे कोणी उभे राहू नये.'

श्रीनिवासराव उठून उभे राहिले. "सेतुमाधवराव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता, "आपला चाळीस वर्षांचा शेजार आहे. माझी ओसरी तुमच्या फणसापासून सतरा फुटांवर आहे."

"साडेअठरा," हे म्हणाले. मग पत्राकडे बघून म्हणाले, "पुण्याचे लोक फार पुढारलेले आहेत."

त्या आठवड्यात विजयलक्ष्मी मामींनी परसातलं वाळवण घालायचं बंद केलं. मला अन्न गोड लागेना. वन्संना त्या लोखंडी बैठकीवर बसलेलं मी डोळ्यांसमोर आणू लागले की जपाची माळ हातातच थांबे. त्यांनी दांडा ओढला तर? आणि त्या वेळी मी तुळशीपाशी असले तर?

बैलगाडीतून स्टेशनवरून यंत्र आलं. हिरवं, लांबलचक, मागे दात असलेलं. भिंत पुन्हा बांधायला आलेला गवंडी सुब्रमण्यम करणी खाली ठेवून जवळ आला. सगळीकडून फिरून त्यानं बघितलं. "सामी, शेत कुठं घेतलं?"

"कसलं शेत?"

"मग शेणखत पसरायचं यंत्र कशाला?"

आता मला सांगायलाच हवं. शेतखाना म्हणजे संडास. आमचे पणजोबा शेतखाना म्हणत, त्यांचे पणजोबाही म्हणत, आणि तंजावरात येऊन पावणेतीनशे वर्षं झाली तरी आम्हाला दुसरा शब्द लागला नाही. पण तिकडे पुण्याला तो शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर संपत आला, हे आम्हाला कोण सांगणार? पुण्याच्या मुलानं 'शेत' पाहिलं, 'खत' पाहिलं, आणि ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, असं समजून पुढचं सगळं केलं. माझं पत्र त्यानं नंतर आईला दाखवलं. ती हसून हसून जमिनीवर बसली, असं त्यानं मोकळेपणानं कळवलं. 'मावशी, तुमचं मराठी फार जुनं आणि गोड आहे,' असंही लिहिलं. मी त्या रात्री जेवले नाही. एकादशी होतीच, पण नसती तरी जेवले नसते. यंत्र तिरुवैयारूच्या रस्त्यावरच्या एका मिरासदारानं आनंदानं नेलं. ते उत्तम चालतं म्हणे. दोन्ही बाजूंस, वीस-वीस फूट.

खरा मार्ग दाखवला तो सुब्रमण्यमनंच. "सामी, विहिरीपासून लांब, त्या टोकाला जमिनीत विटांची बंद टाकी बांधू. दोन खण. गाडीत भांडं बसवू, भांड्याखाली वाकडी मान, तिच्यात पाणी राहतं म्हणून वास वर येत नाही. तिथून टाकीपर्यंत नळ, उतार धरून. वास जायला छपराच्या वर एक उभा पाइप. एक तांब्या पाणी ओतलं की काम झालं. कुणाला उचलायला नको."

मी म्हटलं, "आणि घरचाही त्याच टाकीला जोडता येईल?"

"येईल की, अम्मा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी तुळशीकडे बघत राहिले.

टाकी म्हटली की परवानगी आली. अर्ज गेला आणि एका सकाळी आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर दारात उभे. हे नळ आणायला गेलेले. घरात मी एकटी, आणि नैवेद्य होईपर्यंत माझं मौन. मौन म्हणजे मौन. घराला आग लागली तरी मी टाळ्याच वाजवीन.

"मालकाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

आता मौन नसतं तरी मी नवऱ्याचं नाव कसं घेणार? माझ्या आईनंही कधी घेतलं नाही. पण मदत तर करायला हवी. रामेश्वरच्या सेतुमाधवाचा फोटो आमच्या देवघरात आहे. मी त्यांना आत नेलं आणि फोटोकडे बोट केलं. त्यांनी फोटोला नमस्कार केला, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"ते मागे आहे ते घर की गाडी?"

मी मान हलवली. आमच्याकडची मान, जी होही म्हणते, नाहीही म्हणते, आणि बघूही म्हणते. तेही त्यांनी लिहिलं.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता: 'मालक देवस्थान असल्याने देवस्थानची संमती जोडावी. तसेच सदर वस्तू घर असल्यास तिला चाके असता कामा नयेत. गाडी असल्यास तिला सांडपाण्याचा नळ देता येत नाही.'

हे तो कागद घेऊन परसात येरझाऱ्या घालू लागले. मी तुळशीभोवती, ते फणसाभोवती. मध्येच आमची गाठ पडे तेव्हा ते म्हणत, "चाकं काढली तर घर. घर झालं तर अक्का येणार नाही." पुढच्या फेरीला म्हणत, "चाकं ठेवली तर नळ नाही. नळ नाही तर अक्काला आणून काय करू?" संक्रांत एकवीस दिवसांवर होती. कचेरीत चार खेपा झाल्या. देवस्थानचा गोंधळ मी स्वतः जाऊन मिटवला, म्हणजे ह्यांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून नेलं आणि मान खाली घालून ती चिठ्ठी पुढे केली. इन्स्पेक्टर तसे भले गृहस्थ होते. पाचव्या खेपेला त्यांनी चष्मा पुसला आणि ह्यांना म्हणाले, "राव, नियमात 'चाके' असं आहे. अनेकवचन. एक चाक काढलंत तर मला 'चाके नाहीत' असं मनःपूर्वक लिहिता येईल."

हे घरी आले ते जवळजवळ पळतच. कचेरीसाठी चाकं नाहीत, अक्कासाठी चाक आहे! डावं चाक काढलं, त्या बाजूला विटांचा ठोकळा रचला. परवाना आला. टाकी झाली, नळ झाला, भांडं बसलं, त्यावर उंच बैठक बसली. पहिली परीक्षा घ्यायची म्हणून ह्यांनी बादलीभर पाणी ओतलं.

पाणी गेलं. आत कुठेतरी थांबलं. जरा विचार केला. आणि परत आलं, सगळंच्या सगळं, माझ्या पायांवरून, पायरीवरून, खाली उभ्या असलेल्या श्रीनिवासरावांच्या नव्या चपलांवरून.

"वीस फूट नाही आलं," ते म्हणाले, "म्हणून आभार मानतो."

विटांचा ठोकळा चाकापेक्षा बुटका झाला होता. गाडी डावीकडे कलली, आणि टाकीकडे जाणारा उतार टाकीकडून येणारा झाला. तीस वर्षं कालव्यांचे उतार काढलेला माणूस तिथेच पायरीवर बसला. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी स्वयंपाकघरातून माझा जुना काळा पाटा आणला आणि सुब्रमण्यमपुढे ठेवला. "ह्याची उंची पुरेल?" त्यानं पाटा ठोकळ्यावर चढवला. पुरली. चटणी वाटायची पंचाईत झाली, पण उतार सुधारला.

दुसऱ्या परीक्षेला अर्धी गल्ली जमली. हे आत, श्रीनिवासराव टाकीच्या तोंडाशी कान लावून. "सोडतो!" आतून ओरडले. गड, गड, गुडुप्. "आलं!" श्रीनिवासराव ओरडले. "सेतुमाधवराव, आलं! अख्खं आलं!" आणि दोघे म्हातारे परसाच्या मध्यावर येऊन एकमेकांचे हात धरून उभे राहिले. विजयलक्ष्मी मामींनी डोळे पुसले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

संक्रांतीला सहा दिवस होते. सगळं नीट झालं होतं. तेवढ्यात कचेरीचा माणूस आला आणि ट्रेलरच्या दारावर एक पत्र्याची पाटी ठोकून गेला. घर नंबर १४/अ.

आमच्या गल्लीतून बातमी तिरुवैयारूला बसपेक्षा लवकर पोचते. तिसऱ्या दिवशी वन्संचं कार्ड आलं. दोनच ओळी: 'दाराला नंबर असतो ते घर. घराला उंबरठा असतोच, दिसला नाही तरी.'

हे ते कार्ड घेऊन ट्रेलरमध्ये गेले आणि त्या उंच बैठकीवर झाकण लावून बसून राहिले. तासाभरानं बाहेर आले आणि टेप काढून पुन्हा दार मोजू लागले. शून्य इंच. पुन्हा मोजलं. मला ते सहन होईना. मी पदर खोचला आणि बस धरली.

वन्सं सामान बांधत होत्या. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि देव. "मठात एक कोपरा देतो म्हणालेत," त्या म्हणाल्या.

"मठातला शेतखाना कुठे आहे?"

"नदीकडे. जरा लांब आहे."

"किती लांब?"

त्यांनी ट्रंकेचं झाकण दाबून लावलं. पडताना खरचटलेल्या कोपरावर अजून वण होता.

आणि मग मी ओरडले. आयुष्यात प्रथमच. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली एवढी. "वन्सं, ते घर नाही! गाडीही नाही! तो तुमच्यासाठी बांधलेला शेतखाना आहे, आणि बाकी जे काही आहे ते त्याला जोडलेलं आहे! भिंत पाडली, पुण्याहून खताचं यंत्र आलं, माझा पाटा गेला, माझ्या प्रदक्षिणा गेल्या, एक चाक गेलं—"

वन्संचे खांदे हलू लागले. "खताचं यंत्र?" मी सगळं सांगितलं, सात मणांपासून श्रीनिवासरावांच्या चपलांपर्यंत. त्या इतक्या हसल्या की त्यांना ट्रंकेवर टेकून बसावं लागलं. मग पदरानं तोंड पुसलं, आणि हसू तिथेच थांबलं.

"मज सांग, हे सगळं सेतूनं केलं?"

"होय."

"तीन महिने?"

"होय."

"आणि ह्या तीन महिन्यांत तिरुवैयारूची बस बंद होती काय?"

चौदा वर्षं मीच दर एकादशीला येत होते. त्या कुणाची वाट बघत होत्या, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"नंबर असू दे, उंबरठा असू दे," त्या हळूच म्हणाल्या. "त्यानं स्वतः येऊन बोलवावं. दुसरं काही नको."

"उद्या येतील."

"शब्द देतेस?"

"देते."

परत येताना बसमध्ये मी माझी सगळी व्रतं आठवून बघितली. दुसऱ्याच्या वतीनं शब्द देणं कुठल्या व्रतात बसतं? घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, काही न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या उभ्या पाइपला जाळी बसवायची आहे."

"हो."

"परवा बसवली तर?"

"परवा भोगी आहे."

त्यांनी टेप गुंडाळून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. छत्री घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. दाराशी येऊन म्हणाले, "तिथं जाऊन काय म्हणू?"

"'अक्का, चल' म्हणा."

"एवढंच?"

"एवढंच."

ते गल्लीत उतरले. श्रीनिवासराव ओसरीवर होतेच. "काय, सेतुमाधवराव, जाळी आणायला? पितळेची घ्या हो, लोखंडाची गंजते! आणि भोकं बारीक बघा!"

ह्यांनी फक्त हात वर केला. इंच सांगितले नाहीत. ओठ मात्र हलत होते. दोनच शब्द पाठ करत करत ते कोपऱ्यावर वळले, बस स्टँडच्या बाजूला.